जुना तंबोरा : चिठ्ठी कुणाची, लाकूड कुणाचं?

नाशकातल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत साध्या सुट्या भागावरही बॅच नंबर असतो. तेव्हा इथल्या एखाद्या घरात माळ्यावरून जुना तंबोरा निघाला, तर ‘याचा नंबर कुठे?’ हा प्रश्न साहजिक आहे. अमेरिकेतल्या मार्टिन गिटारींवर १८९८ पासून अनुक्रमांक आहेत, त्यावरून वर्ष काढता येतं. मिरजेचे तंबोरे सतारमेकर घराण्यांनी हाताने घडवले. तिथे ती सोय नाही.

मग भिस्त नावाच्या पट्टीवर. ‘मिरजेच्या कारागिराचं नाव आहे, म्हणजे अस्सल!’ पट्टी चिकटवायला डिंक पुरतो. शिवाय दुरुस्तीत भोपळा एकाचा, दांडी दुसऱ्याची होऊन बसते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०२४ मध्ये. आजोबांच्या तंबोऱ्याबद्दल ते काय सांगणार?

नाशकात आणखी एक मोह आहे, पलुसकरांचा. पं. विष्णु दिगंबर मिरजेत शिकले, अखेरची वर्षं नाशकातल्या आपल्या आश्रमात राहिले आणि १९३१ मध्ये मिरजेतच वारले. त्यामुळे ‘हा त्यांच्याच आश्रमातला’ ही कथा पटकन पटते. पण पटणं वेगळं, पुरावा वेगळा. जुना फोटो, पत्र, पावती यांपैकी काही नसेल, तर त्या नावाचा एक रुपयाही जास्त देऊ नये, असं माझं मत.

सगळ्यात चिवट समज म्हणजे ‘जितका जुना, तितका गोड’. मुरलेल्या लाकडाचा वाटा असेलही, पण तंबोऱ्याचा झंकार येतो जवारीतून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याच्या घडणीतून. तारांच्या घर्षणाने घोडीचा माथा झिजतो, तो पुन्हा घासून जवारी काढावी लागते. कधी घोडीच बदलतात. म्हणजे दुकानात ऐकलेला गोडवा गेल्या महिन्यातल्या कारागिराचाही असू शकतो! आवाजावर भाळण्याआधी एका टोकाला डोळा लावून दांडी पाहा. वर्षानुवर्षं तारा ताणलेल्या राहिल्या की ती वाकते, आणि ते दुखणं महागात पडतं. भोपळ्याच्या तड्याला मात्र लोक उगाच घाबरतात. जाणता कारागीर तो सांधतो. उलट नव्याकोऱ्या पॉलिशचीच शंका घ्यावी, त्याखाली जोड लपतात.

पांढरी नक्षी हस्तिदंतीच असते असंही नाही. पुष्कळदा ते सेल्युलॉइड किंवा हाड असतं. आणि खरोखर हस्तिदंत निघालाच, तर भाव वाढण्याचं सोडाच, भारतात त्याचा व्यापारच बेकायदा आहे.