वाळवंटातली पाल ओळखायची कशी?

समजा, सहल थरच्या वाळवंटात आहे. जैसलमेरजवळ सम येथील वाळूच्या टेकड्यांवर रात्री बॅटरीच्या उजेडात वाळूच्याच रंगाचा एक लहानसा प्राणी पळताना दिसतो. आकार पालीचा, पण चढायला ना भिंत, ना झाड. "ही पाल आहे का? कोणती?" असे विद्यार्थी विचारणारच. अशा वेळी नावे पाठ असण्यापेक्षा काय पाहायचे, हे ठाऊक असणे अधिक उपयोगाचे.

बहुतेकांची नजर प्रथम रंगाकडे जाते आणि तिथेच घोटाळा होतो. अनेक पालींचा रंग उजेड व तापमान यांनुसार फिका किंवा गडद होतो. एकाच पालीची दिवसा आणि रात्री काढलेली छायाचित्रे दोन निराळ्या जातींची वाटू शकतात.

म्हणून सुरुवात डोळ्यांपासून करू. बहुतेक पालींना उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक आवरण असते. त्यावर धूळ बसली की पाल ते जिभेने पुसते. निशाचर पालीच्या डोळ्यातील बाहुली उजेडात आवळून उभ्या फटीसारखी होते.

त्यानंतर बोटे. खरी ओळख इथेच पटते. आपल्या घरातली पाल हेमिडॅक्टिलस या प्रजातीतली. तिच्या रुंद बोटांखाली आडव्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतात आणि पट्ट्यांवर असंख्य सूक्ष्म केस. केसांचे टोक आणि भिंत यांच्या रेणूंमध्ये आकर्षण निर्माण होते, म्हणून पाल छतावर उलटी चालू शकते. पण वाळूचा कण स्वतःच सुटा. त्याला चिकटून आधार तो कसला मिळणार? थरमधल्या क्रॉसोबॅमॉन ओरिएंटॅलिस या पालीच्या बोटांना अशा गाद्या नसतात. त्याऐवजी कडांना कंगव्याच्या दातांसारखी खवल्यांची झालर असते. बोटाचा वाळूवरचा आधार त्यामुळे रुंदावतो व पाय कमी रुततो. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८७६ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. खडकांवर, जुन्या बांधकामांवर सिर्टोपोडियॉन प्रजातीतल्या पाली भेटतात. त्यांची बोटे बारीक व सांध्यांत वाकलेली. गादी नाही आणि झालरही नाही.

झालर दिसली की पाल ठरली, असे मात्र नाही. याच वाळूत अकँथोडॅक्टिलस कँटोरिस हा सरड्यासारखा प्राणी राहतो. त्याच्याही बोटांना झालर असते. पण तो दिवसा फिरतो, त्याला पापण्या आहेत आणि त्याचे कूळ पालींपेक्षा वेगळे आहे. सुट्या वाळूवर धावण्याची अडचण दोघांची सारखी, म्हणून त्यावरचा तोडगाही सारखा. उत्क्रांतीच्या धड्यात वटवाघूळ आणि पक्षी यांच्या पंखांचे उदाहरण आपण नेहमी देतो. त्याच्या जोडीला हेही द्यायला हरकत नाही.

डोळ्यांच्या नियमालाही अपवाद आहे. युब्लेफॅरिस प्रजातीतल्या पालींना पापण्या असतात. राजस्थानात या पाली आढळतात, तर युब्लेफॅरिस फस्कस ही जात आपल्या महाराष्ट्रातही आहे. ठिपकेदार अंग, जाड शेपटी आणि संथ चाल यांमुळे ही पाल लगेच नजरेत भरते आणि विषारी समजून मारली जाते. वास्तविक जगातली एकही पाल विषारी नाही. या प्राण्याच्या बाबतीत बरोबर ओळख पटणे हा त्याच्या जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसतो.

शेपटीवर मात्र फार विसंबू नये. तुटून पुन्हा आलेल्या शेपटीत मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो आणि तिच्यावरचे खवले व रंगही मूळ शेपटीसारखे नसतात. पाल हाताने पकडू नये, याचे एक कारण हेच. धडपडीत शेपटी तुटते आणि तिच्यात साठवलेली चरबी वाया जाते. शिवाय जैसलमेर-बाडमेर भागात पसरलेल्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये परवानगीशिवाय कोणताही वन्य प्राणी पकडणे हा गुन्हाच आहे.

पकडण्याची गरजही नसते. डोके, पाठ आणि एका पायाची बोटे यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत. शेजारी नाणे ठेवता आले तर लांबीचा अंदाज येतो. पाल गाडीच्या काचेवर असेल तर पलीकडून बोटांची खालची बाजूच दिसते! अर्थात गुळगुळीत उभ्या काचेवर चढली, एवढ्यावरूनच ती क्रॉसोबॅमॉन नव्हे हे कळते. तारीख, वेळ, ठिकाण आणि ती वाळूवर होती की दगडावर, हे तिथेच वहीत टिपून ठेवावे.

एवढे करूनही कधी कधी प्रजातीपाशीच थांबावे लागते. भारतात पूर्वी हेमिडॅक्टिलस ब्रुकी या एकाच नावाखाली नोंदलेल्या पालींमध्ये प्रत्यक्षात अनेक जाती आहेत, हे डीएनएच्या अभ्यासातून पुढे दिसून आले. चुकीच्या नावाने झालेली नोंद एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत राहते आणि ती निस्तरायला वर्षे लागतात. त्यापेक्षा विद्यार्थ्याने वहीत 'हेमिडॅक्टिलस, जात अनिश्चित' असे लिहून सोबत छायाचित्र जोडले, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.