एसी किलोमीटर मोजत नाही

छोट्या गाडीच्या आत हवा असते जेमतेम तीन घनमीटर. तिचं वजन साडेतीन किलोच्या आसपास. ही हवा ४५ अंशांवरून २५ अंशांवर आणायची, तर तिच्यातून सुमारे ७० किलोज्यूल उष्णता काढून बाहेर टाकावी लागते. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२,००० किलोज्यूल ऊर्जा असते. त्यातली तीन चतुर्थांश इंजिनातच वाया जाते, हे धरलं तरी गाडीभर हवा एकदा गार करायला लागणारं पेट्रोल चहाच्या एका चमच्यात मावतं.

मग एसी लावला की ॲव्हरेज का पडतं? कारण हवा गार करणं हे एसीचं खरं काम नाहीच. बाहेरून सतत आत घुसणारी उष्णता सतत बाहेर काढत राहणं, हे त्याचं काम. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ओततं. वरून पाहिलं तर छोटी गाडीही सहा चौरस मीटर जागा व्यापते, म्हणजे तिच्यावर एका वेळी सहा किलोवॅट ऊन पडत असतं. सगळं आत शिरत नाही, पण काचांमधून येतं तेवढं डॅशबोर्ड, सीट आणि स्टीअरिंग तापवायला पुरतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढतं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, असं अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००५ मध्ये मोजून दाखवलं. आत बसलेल्या माणसांचीही भर पडते, दर माणशी शंभर वॅट. म्हणून गाडीचा एसी एका टनाहून लहान सहसा नसतो. बेडरूममध्ये तेवढाच एसी गाडीच्या दसपट हवा सांभाळतो.

कोकणपट्टीत आणखी एक ओझं असतं, दमटपणाचं. मे महिन्यातली मुंबईची हवा ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरा. एसीने तासाला बाहेरची शंभर घनमीटर हवा आत ओढली, तर थंड कॉइलवर तिच्यातून दीड लिटर पाणी निघतं. उभ्या गाडीखाली थेंब थेंब गळून डबकं होतं ते हेच पाणी. दीड लिटर वाफेचं पाणी करताना जी उष्णता सुटते ती वाहून न्यायलाच एसीची उष्णता उपसण्याची एक किलोवॅट ताकद खर्ची पडते, हवा गार करणं त्यानंतरचं. आतलीच हवा फिरवत ठेवणारं बटण, ज्यावर गाडीत वळलेला बाण काढलेला असतो, ते दाबलं की या ओझ्यातला मोठा वाटा लगेच उतरतो. नागपूरच्या कोरड्या ४५ अंशांत पाण्याचा हा खर्च फारसा नाही, तिथे सगळी लढाई उन्हाशी.

आता मुख्य हिशेब. कॉम्प्रेसर इंजिनाकडून पट्ट्याने ताकद घेतो. सिग्नलला उभे असताना टक् असा आवाज होतो, आरपीएमचा काटा किंचित हलतो आणि गाडीत बारीक थरथर जाणवते, तेव्हा कॉम्प्रेसरने इंजिनाला पकडलेलं असतं. तापलेली गाडी गार करताना तो तीन-चार किलोवॅटही ओढतो, मग सावरतो. आपण सोयीसाठी सरासरी फक्त एक किलोवॅट धरू. एक लिटर पेट्रोल इंजिनातून जाऊन चाकाशी-पट्ट्याशी सव्वादोन युनिटांच्या आसपास काम देतं. म्हणजे एसीला तासाला साधारण ४५० मिलिलिटर पेट्रोल लागतं. हा आकडा तासाचा आहे, किलोमीटरचा नव्हे, आणि माझ्या मते या विषयात लक्षात ठेवण्यासारखी हीच एक गोष्ट आहे.

टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकानुसार पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागत होती. ताशी १८ किलोमीटर! तेवढ्या वेळात एसी पाव लिटर पितो. गाडी शहरात लिटरला १४ देत असेल, तर दहा किलोमीटरला तिचं स्वतःचं पेट्रोल ७१० मिलिलिटर. वरचा खर्च झाला ३५ टक्के. तीच गाडी द्रुतगती मार्गावर ताशी शंभरने चालवा. दहा किलोमीटर सहा मिनिटांत संपतात, एसी ४५ मिलिलिटर पितो आणि वरचा खर्च आठ-नऊ टक्क्यांवर येतो. एसी तोच, ऊन तेच, अंतरही तेच. फरक पडला तो वाहतुकीने.

याहून चक्रावणारा आकडा पुढे आहे. हजार किलोची गाडी सपाट रस्त्यावर ताशी १८ च्या स्थिर वेगाने पुढे न्यायला टायरचं घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा मिळून पाऊण किलोवॅटसुद्धा लागत नाही. एसी घेतो एक किलोवॅट. पुन्हा पुन्हा ब्रेक मारण्यात आणि वेग घेण्यात बरंच जातं हे खरं, पण नुसतं पुढे सरकण्यापेक्षा गार राहणं महाग पडतं, ही गोष्ट मला अजून थक्क करते. ताशी शंभरला मात्र गाडीलाच बारा किलोवॅट हवे असतात.

काचा खाली कराव्यात की एसी लावावा, हा घरोघरीचा वादही इथेच सुटतो. वारा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते: वेग दुप्पट, ताकद आठपट. उघड्या काचांनी वाऱ्याचा अडथळा २० टक्क्यांनी वाढला असं धरलं, तर ताशी पन्नासला त्याचा दंड पाव किलोवॅटहून कमी आणि ताशी शंभरला पावणेदोन. शहरात काचा स्वस्त, महामार्गावर एसी.

गाडी घेताना दाखवतात तो ॲव्हरेजचा आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांच्या चाचणीतून येतो, आणि ही चाचणी वर्षानुवर्षं एसी बंद ठेवूनच होत आली. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलांपासून ३५ अंशांत, कृत्रिम ऊन पाडून, एसी चालू ठेवून केलेली चाचणीही ग्राहकाला दाखवायच्या आकड्यात धरतात. आपल्याकडच्या उन्हात तर ती कधीच सुरू व्हायला हवी होती.

जगभरची बेरीज आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१९ च्या अहवालात मांडली: वाहनांचे एसी दिवसाला जवळपास २० लाख बॅरल तेलाइतकी ऊर्जा खातात. लिटरमध्ये तीस कोटींच्या घरात. सेकंदाला साडेतीन हजार लिटर, म्हणजे २० हजार लिटरचा एक टँकर दर सहा सेकंदाला रिकामा. थंड देशांत एसीचा वाटा गाडीच्या इंधनाच्या तीन टक्के, उष्ण देशांत वीसच्या आसपास, आणि उन्हाळा व कोंडी एकत्र आली की चाळीसच्या वर, असंही हाच अहवाल सांगतो. भारतात २०२४-२५ मध्ये सुमारे चार कोटी टन पेट्रोल खपलं. त्यातला एक तृतीयांश वाटा मोटारींचा धरला, तर ते १,८०० कोटी लिटर होतं. त्याचा नुसता एक टक्का म्हणजे १८ कोटी लिटर, नऊ हजार टँकर. एसीचा वाटा दहा टक्के निघाला तर टँकर नव्वद हजार.

हे आकडे सर्वांत जास्त बोचतात ते टॅक्सीवाल्याला. तो दिवसाचे दहा तास गाडीत असतो. एसी सतत चालू ठेवला तर साडेचार लिटर पेट्रोल, किंवा सीएनजीची गाडी असेल तर तीन किलोच्या आसपास गॅस. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५ किलो गॅस, आणि तो त्याच्या कमाईतून जातो. त्याचं भाडं मुख्यतः किलोमीटरवर ठरतं आणि एसीचा खर्च मिनिटामिनिटाने वाढतो, त्यामुळे दादरच्या किंवा हिंजवडीच्या कोंडीत अडकलेला प्रवासी त्याला जितका वेळ गारव्यात बसवून ठेवतो तितकी त्याची फेरी तोट्यात जाते. ड्रायव्हर एसी लावत नाही म्हणून चिडण्याआधी हा हिशेब मांडून बघावा. दरपत्रकात एसीसाठी तासाचा वेगळा दर असावा, आणि आपण प्रवाशांनी तो खुशीने द्यावा.