नऊ हजार लिटर हवा, एक लिटर पेट्रोल

एक लिटर पेट्रोल पुरतं जळायला हवा किती लागते? वजनात सांगायचं तर एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा. पण हवेच्या वजनाचा आपल्याला अंदाज नसतो, म्हणून लिटरातच बघू. एका लिटर पेट्रोलमागे साधारण नऊ हजार लिटर हवा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीतली सगळी हवा तीन लिटर पेट्रोल जाळण्यात संपते. वीसचं ॲव्हरेज देणारी जुनी मारुती 800 पुण्याहून लोणावळ्याला पोचेपर्यंत एक अख्खी खोली पिऊन मोकळी होते.

आता उलट बाजूने पाहा. ही गाडी ताशी साठने चालली आहे, म्हणजे तासाला तीन लिटर, मिनिटाला 50 मिलिलिटर पेट्रोल. इंजिन तीन सिलिंडरचं, 796 सीसीचं. मिनिटाला तीन हजार फेऱ्या धरल्या तर तीन सिलिंडर मिळून मिनिटाला साडेचार हजार वेळा श्वास घेतात. म्हणजे प्रत्येक श्वासाला पेट्रोलचा वाटा येतो जेमतेम एका थेंबाच्या पाचव्या हिश्शाएवढा. सेकंदाला 75 वेळा हा वाटा पडला पाहिजे, त्या त्या श्वासातल्या हवेच्या मापाने पडला पाहिजे, आणि चढ लागला, पाय दाबला, सिग्नलला थांबलो की माप लगेच बदललं पाहिजे. जास्त पडला तर प्लग काळे होतात, कमी पडला तर इंजिन खोकतं.

हे सगळं काम करणारी वस्तू म्हणजे कार्बोरेटर, मिश्रधातूचा मूठ-दीड मुठीएवढा ओतीव ठोकळा. त्यात मेंदू नाही, आणि मुख्य माप घालायला विजेचा एक थेंबही लागत नाही. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली ग्राहकाच्या हातात दिली, तेव्हापासून पुढची सोळा-सतरा वर्षं देशातला मध्यमवर्ग या ठोकळ्याच्या भरवशावर ऑफिसला आणि गावाला गेला.

हवेचं माप आधी. कार्बोरेटरचा घसा मध्येच अरुंद केलेला असतो. वाहतं द्रव्य अरुंद जागेतून जाताना वेग घेतं आणि तिथला दाब उतरतो. हे डॅनियल बर्नूलीने 1738 मध्ये मांडलं, आणि जोव्हान्नी वेंच्युरी या इटालियन पदार्थविज्ञान्याने 1797 मध्ये असल्या अरुंद नळ्यांवरचे प्रयोग छापले. त्या अरुंद जागेला आजही गॅरेजमध्ये वेंच्युरीच म्हणतात. अर्थात ते एका माणसाचं आडनाव आहे हे म्हणणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं. या जागी पेट्रोलच्या नळीचं तोंड ठेवलेलं असतं. नळीच्या दुसऱ्या टोकाला छोटी टाकी, फ्लोट चेंबर, आणि तिच्यात बाहेरच्या हवेचा दाब. घशात दाब कमी, टाकीत जास्त, म्हणून पेट्रोल वर चढतं आणि हवेच्या झोतात फुटून धुकं होतं. पूर्वी घरोघरी डास मारायचा फ्लिटचा पंप असे. दांडा दाबला की डब्यातलं औषध आपोआप वर येऊन फवारा उडायचा. तत्त्व तेच.

पण फवारा उडणं ही अर्धीच गोष्ट. मला थक्क करतं ते पुढचं. घशातून हवा दुप्पट गेली तर तिथला दाब दुपटीने उतरत नाही, चौपटीने उतरतो. मग पेट्रोलही चौपट यायला हवं होतं; आलं असतं तर कार्बोरेटर नावाची वस्तू जगात टिकलीच नसती. येत नाही, कारण पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं त्या जेटलाही तोच नियम लागू आहे. दाबातला फरक चौपट झाला की जेटमधून प्रवाह दुप्पटच होतो. एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला वर्गमूळ, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. हवा दुप्पट, पेट्रोल दुप्पट. हवा तिप्पट, पेट्रोल तिप्पट. गुणोत्तर जागच्या जागी. हे गणित कुणी करत नाही. दोन भोकांच्या मापांत ते एकदाच ओतून ठेवलेलं असतं आणि गाडी चालते तोवर ते सुटत राहतं.

हे रूप लगेच सापडलं नव्हतं. कार्ल बेन्झच्या पहिल्या गाडीत हवा पेट्रोलच्या साठ्यावरून नुसती फिरवली जाई; जेवढी वाफ उडेल तेवढी इंजिनात जाई. 1888 च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्झहाइमला, शंभराहून जास्त किलोमीटर, नवऱ्याला न सांगता निघाली. इंधन वाटेतल्या वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून घेतलं, आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन घालून मोकळी केली. कचरा अडकल्याची तक्रार मोटारीइतकीच जुनी आहे तर! जेटने फवारा उडवणारा कार्बोरेटर त्यानंतर पाच वर्षांनी आला. 1893 मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोन्का या दोघांनी, असा दोन्हीकडे तो जवळपास एकाच वेळी तयार झाला. पहिला मान कुणाचा यावर हंगेरियन माणसाशी वाद न घातलेला बरा.

सिद्धांत असा देखणा, पण गाडी रस्त्यावर आली की तो जागोजागी लंगडतो. सिग्नलला उभं असताना बटरफ्लाय, म्हणजे घशातली फिरती चकती, जवळजवळ बंद असते. हवा इतकी थोडी की वेंच्युरीत दाब उतरतच नाही, पेट्रोल चढतच नाही. पण चकतीच्या खालच्या बाजूला इंजिनाची ओढ जबरदस्त असते. मग तिथे आणखी एक बारीक वाट काढली, स्लो जेट. पाय एकदम दाबला की हवा क्षणात धावते आणि जड पेट्रोल मागे रेंगाळतं. त्या अर्ध्या क्षणासाठी पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा रबरी पडद्याचा पंप. थंडीच्या सकाळी पेट्रोलची वाफ होत नाही, नुसते ओले थेंब आत जातात. म्हणून चोक ओढून हवेचीच वाट अडवायची आणि पेट्रोल मुद्दाम जास्त घ्यायचं. मारुतीच्या कार्बोरेटरला घसे दोन. रोजच्या चालीला एक पुरतो. मागणी वाढली की पहिल्या घशातली ओढच एका पडद्याला खेचून दुसरा घसा उघडते. ड्रायव्हरला पत्ता नसतो. त्याला फक्त ‘पिकअप’ कळतो.

आणि या साऱ्यात बसवलेली एकुलती विजेची वस्तू म्हणजे स्लोच्या वाटेवरचा सोलेनॉइड. किल्ली बंद केली की तो स्लोचं पेट्रोल तोडतो, म्हणजे तापलेलं इंजिन किल्लीविना गडगडत राहत नाही. त्याची वायर निसटली की गाडी पाय दिलेला असेपर्यंत छान पळते आणि सिग्नल आला की मान टाकते. अशा गाडीचा कार्बोरेटर उघडायला निघालेल्या मेकॅनिकला आधी ती वायर हलवून बघायला सांगावं.

बाहेरून काही दिसत नाही असंही नाही. मारुतीच्या फ्लोट चेंबरला एक छोटी काच असते आणि तिच्या मधोमध गोल खूण. इंजिन चालू असताना पेट्रोलची रेघ त्या गोलात दिसली पाहिजे. रेघ वर गेली असेल तर टाकीत येणारं पेट्रोल अडवणारी नीडल नीट बसत नाही, गाडी ओव्हरफ्लो करणार. पावसाळी दमट दिवशी आणखी एक गंमत दिसते. पेट्रोलची वाफ होताना ती आसपासची उष्णता ओढून घेते, आणि इंजिन तापलेलं असूनही कार्बोरेटरच्या खालच्या अंगावर दव धरतं. बोट लावलं तर गार लागतं. विमानाच्या पिस्टन इंजिनात याच थंडाव्याने घशात बर्फ धरतो, तोही बाहेर वीस अंश तापमान असताना, म्हणून वैमानिकाला तिथे गरम हवा सोडायचा वेगळा दांडा दिलेला असतो.

ट्यूनिंग म्हणजे एवढा सगळा पसारा दोन स्क्रूंनी ताळ्यावर आणणं. एक स्क्रू चकती किती उघडी राहणार ते ठरवतो, दुसरा स्लोच्या मिश्रणात पेट्रोल किती ते. जाणता मिस्त्री आधी इंजिन पुरतं गरम होऊ देतो, एअर फिल्टर जागेवर ठेवतो, चोक पूर्ण उघडा आहे ना बघतो. मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरीने आत घेत जातो. काही होत नाही, काही होत नाही, आणि मग आवाज किंचित बसतो, एक ठोका अडखळल्यासारखा. तिथून उलटं फिरवायचं. फेऱ्या वाढत वाढत एका जागी स्थिरावतात, त्यापुढे स्क्रू सोडला तर पुन्हा जडावतात. त्या दोन टोकांच्या मधला, पेट्रोल कमीकडे झुकलेला बिंदू त्याला हवा असतो. “आता ऐका साहेब,” असं म्हणून तो हात बाजूला घेतो. मिनिटाला आठ-नऊशे फेऱ्यांवर तीन सिलिंडरचं इंजिन थोडं थरथरतंच, पण ती थरथर एकसारखी असली पाहिजे. पीयूसीच्या यंत्रावर अशा जुन्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांच्या आत यावा लागे. कान तयार असलेला माणूस यंत्र लावायच्या आधीच तिथे पोचलेला असे.

या कामात सगळ्यात मोठं पाप म्हणजे जेटमध्ये तार घालणं. जेट पितळी, मऊ. भोक एक मिलिमीटरच्या आसपास. तारेने ते फक्त पाच शतांश मिलिमीटर रुंदावलं, तर क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं, म्हणजे जाईल तिथे दहा टक्के जास्त पेट्रोल, कायमचं. डोळ्याला दोन्ही भोकं सारखीच. वीसचं ॲव्हरेज अठरावर येतं, मालक पंपवाल्यावर संशय घेतो. जेट कार्बोरेटर क्लीनरने धुवावा, हवा मारावी, आणि गॅस्केट, नीडल आणि पंपाच्या पडद्याचं नवं किट टाकावं. चकतीचा दांडा अंगातच सैल झाला असेल, त्याच्या बाजूने हवा शिरत असेल, तर मात्र किटने भागत नाही. मग तो कार्बोरेटर बदलावाच. कितीही स्क्रू फिरवले तरी चोरवाटेने येणाऱ्या हवेचा हिशेब लागत नाही.

वर्ग आणि वर्गमुळाचा तो सुंदर तोल एका ठिकाणी फसतो, आणि तेही घाटात कळतं. पेट्रोलची ओढ हवेच्या वेगावर जास्त आणि घनतेवर कमी अवलंबून असते. उंचावर हवा विरळ होते, पण पेट्रोल तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. मुंबईत ट्यून केलेली गाडी महाबळेश्वरला हवेच्या मानाने सहा-सात टक्के जास्त पेट्रोल ओढते. लेहमध्ये, साडेतीन हजार मीटरवर, जवळपास वीस टक्के. वर पोचल्यावर गाडी मरगळते, धूर काळपट होतो, आणि माणसं म्हणतात घाटाने दमली.

शतक फिरताना नियम आवळले. 1995 पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल सक्तीचं झालं, 2000 पासून भारत स्टेजचे टप्पे आले. धुराच्या नळीतल्या ऑक्सिजनकडे पाहून क्षणाक्षणाला माप बदलणारं इंजेक्शन आल्यावर स्क्रूवाल्या ठोकळ्याचा टिकाव लागणं शक्य नव्हतं. मारुती 800 स्वतः 2014 च्या जानेवारीपर्यंत बनत राहिली, पण शेवटच्या कितीतरी वर्षांच्या गाड्यांत कार्बोरेटर नव्हता.

जुन्या गाड्यांपुढे आता नवाच पेच आहे, आणि त्याचं एक टोक आपल्या उसाच्या फडात आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. महाराष्ट्रातले साखर कारखाने त्याचे मोठे पुरवठादार. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे एक किलो इथेनॉलला नऊ किलोच हवा लागते. वीस टक्के मिसळल्यावर 14.7 चा आकडा साडेतेरावर उतरतो. इंजेक्शनच्या गाडीला हे धुरावरून कळतं आणि ती पेट्रोल वाढवते. जेटला काहीच कळत नाही. तो 1990 च्या पेट्रोलसाठी पाडलेल्या भोकातून जुन्याच मापाने ओतत राहतो आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होतं. थंड इंजिन चोक सोडताच बंद पडणं, पाय दिल्यावर एक धक्का खाणं, ही त्याची लक्षणं. शिवाय इथेनॉल पाणी धरतं, जुनं रबर फुगवतं, आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवून थेट जेटपर्यंत आणतं. म्हणून अशा गाडीला इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या आणि पडदा, पेट्रोल फिल्टर नवा, आणि मुख्य जेट एक नंबर मोठा टाकून प्लगचा रंग तपासावा: कॉफीसारखा तपकिरी आला तर माप जमलं, पांढरट राहिला तर आणखी एक नंबर वर.