बोर : परसबागेतील जाती व लागवड

बोर : (सं. बदरी, कोल, हिं. बेर, लॅ. झिझिफस मॉरिशिॲना, कुल–ऱ्हॅम्नेसी). भारताच्या कोरड्या प्रदेशातील एक महत्त्वाचे फळझाड. हा वृक्ष मध्यम उंचीचा, काटेरी व पसरट असून पानांची खालची बाजू पांढुरकी, लवदार असते. फुले लहान, हिरवट पिवळी व पानांच्या बगलेत झुबक्यांनी येतात. फळ अश्मगर्भी म्हणजे एका कठीण आठळीभोवती गर असलेले असते. इंग्रजीत त्याला ‘भारतीय प्लम’ या अर्थाचे नाव आहे. तथापि खरा प्लम म्हणजेच आलुबुखार ही गुलाबाच्या कुलातील (रोझेसी) वनस्पती असून तिचा बोरीशी जवळचा संबंध नाही.

आलुबुखार व मराठवाडा : नांदेड व लातूर जिल्ह्यांत हौसेने आलुबुखाराचे कलम लावणाऱ्यास सहसा पाने मिळतात, फळे मिळत नाहीत. याचे कारण जमिनीत नसून हिवाळ्यात आहे. आलुबुखाराच्या कळ्या हिवाळ्यात सुप्तावस्थेत जातात आणि सु. ७° से. खालील थंडी शेकडो तास मिळाल्यावाचून त्या नीट उमलत नाहीत. हिमाचल प्रदेश व काश्मीर येथे ही गरज सहज भागते. पंजाबच्या मैदानात ‘सतलज पर्पल’, ‘काला अमृतसरी’ यांसारख्या कमी थंडीवर फळणाऱ्या जाती लावतात. परंतु तेवढी थंडीही मराठवाड्यात पुरेशा सातत्याने पडत नाही. पाणी वा खत वाढवून ही उणीव भरून निघत नाही. म्हणून या प्रदेशात अश्मगर्भी फळाची हौस भागविण्यास बोर हेच सर्वांत विश्वासाचे झाड होय.

हवामान व जमीन : या दोन जिल्ह्यांत पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो, त्याचे मान लातूरकडे कमी व नांदेडकडे काहीसे अधिक असून ते वर्षावर्षाला फार बदलते. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला, तर एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा वर्षी परसातील फळझाडाला पाणी द्यावयाचे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. बोरीचे जीवनचक्र या हवामानाशी जुळणारे आहे. कडक उन्हाळ्यात, पाण्याची टंचाई सर्वाधिक असते तेव्हा, ती पाने गाळून विश्रांती घेते. पावसाबरोबर नवी फूट येते, पावसाळ्यात व त्यानंतर फुलोरा येतो आणि हिवाळ्यात फळे पिकतात. सोटमूळ खोल जात असल्याने खालच्या थरांतील ओलावाही तिला मिळतो. बालाघाटच्या पठारावरील हलकी, मुरमाड जमीन तिला चालते. गोदावरीकाठच्या भारी काळ्या जमिनीतही ती वाढते, मात्र तेथे पाण्याचा निचरा व्हावा म्हणून झाड किंचित उंचवट्यावर लावतात. काहीशी क्षारयुक्त जमीनही ती सहन करते.

जाती : बांधावरच्या गावठी बोरीची फळे लहान, आंबट-गोड व मोठ्या आठळीची असतात. निवडीने मिळालेल्या जातींत गर अधिक असतो. ‘गोला’ ही लवकर येणारी, गोल व रसाळ फळांची जात आहे. ‘सेब’ व महाराष्ट्रातील ‘कडाका’ या मध्यम काळात तयार होतात. ‘मेहरूण’ ही जळगावजवळील मेहरूण परिसराच्या नावाने प्रसिद्ध असलेली जात असून तिची फळे लांबट, टोकाशी निमुळती व गोड असतात. ‘उमराण’ ही उशिराची जात. फळे मोठी, लंबगोल, सोनेरी पिवळी व पूर्ण पिकल्यावर तपकिरी होणारी असून ती तोडणीनंतर चांगली टिकतात. ‘गोमा कीर्ती’ ही उमराणमधूनच निवडलेली व तिच्याआधी तयार होणारी जात आहे. एकविसाव्या शतकात ‘ॲपल बोर’ या नावाने मोठ्या, हिरवट व कुरकुरीत फळांच्या जातीचाही प्रसार झाला आहे.

निवडीची तत्त्वे : बाजारासाठी लावलेल्या बागेत एकाच वेळी येणारे, टिकाऊ व मोठे फळ हवे असते, म्हणून तेथे उमराण उपयुक्त ठरते. घरच्या बागेची गरज निराळी असते. एका झाडाची फळे दोन-तीन आठवड्यांत एकदम पिकली, तर ती कुटुंबाला संपत नाहीत आणि नंतर हंगामभर झाड रिकामे राहते. म्हणून दोन झाडांची जागा असल्यास एक लवकर वा मध्यम काळात येणारे आणि एक उशिराचे निवडणे हिताचे असते. लातूरकडे वेळ अमावास्येला कुटुंबे शेतात जमतात, त्यानंतर संक्रांतीचे वाण व लहान मुलांचे बोरन्हाण येते. या दिवसांत घरचे बोर हवे असेल, तर केवळ उशिराच्या जातीवर विसंबून चालत नाही. दुसरे कारण परागणाचे आहे. बोरीच्या काही जाती स्वतःच्या परागाने पुरेशी फळे धरत नाहीत. परागण माश्या, मधमाश्या इ. कीटकांकडून होते. त्यामुळे भिन्न जातीचे झाड जवळ असणे उपकारक ठरते. जागा एकाच झाडापुरती असेल, तर त्याच झाडाच्या निरनिराळ्या फांद्यांवर दोन जातींचे डोळे भरता येतात.

अभिवृद्धी : बियांपासून वाढविलेले झाड मूळ जातीसारखे निपजत नाही, म्हणून गावठी बोरीच्या खुंटावर डोळा भरतात. रोप स्थलांतरित करताना सोटमूळ दुखावते, यास्तव कोरडवाहू जागी खड्ड्यातच बी पेरून पुढील वर्षी जागेवर डोळा भरणे उत्तम समजतात. आठळी हलकेच फोडून आतील बी पेरल्यास उगवण लवकर होते. परसात आधीचे गावठी झाड असेल, तर ते तोडून टाकण्याऐवजी उन्हाळ्याच्या अखेरीस त्याचे खोड कापतात आणि नव्या जोमदार फुटव्यांवर पावसाळ्यात, साल सहज सुटते तेव्हा, इष्ट जातीचे डोळे भरतात. मुळांचा पसारा तयार असल्याने असे झाड लवकर फळते. डोळ्याच्या खालून येणारे फुटवे मात्र वेळोवेळी काढावे लागतात. ते राहिल्यास खुंटच वरचढ होतो आणि लावलेली जात मागे पडून काही वर्षांनी झाडाला गावठी बोरे येतात.

निगा : दोन झाडांत ६ ते ८ मी. अंतर ठेवतात. फुले नव्या फुटीवर येत असल्याने दरवर्षी छाटणी आवश्यक असते. महाराष्ट्रात ती एप्रिल-मेमध्ये, झाड विश्रांतीत असताना करतात. छाटणी न केल्यास झाड काट्यांचे जाळे बनते व फळे लहान राहतात. पावसाळ्याच्या आरंभी आळ्यात शेणखत घालतात. पाऊस संपल्यावर फळे पोसण्याच्या काळात दोन-तीन पाणी मिळाल्यास फळगळ कमी होते; उन्हाळ्यात मोठ्या झाडाला पाणी देण्याची गरज नसते.

कीड व रोग : फळमाशी ही मुख्य कीड होय. तिच्या अळ्या आठळीभोवतालचा गर खातात व पुढे जमिनीत कोषावस्थेत जातात. किडकी व गळालेली फळे रोज वेचून नष्ट करणे आणि उन्हाळ्यात झाडाखालील माती चाळवून कोष उन्हात उघडे करणे, हे उपाय परसबागेत सुकर असतात. भुरी रोगात कोवळ्या फळांवर पांढरी भुकटी दिसते, फळे खडबडीत होतात व गळतात. त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी करतात.

उपयोग : फळांत क जीवनसत्त्व भरपूर असते. ताज्या फळांखेरीज वाळविलेली बोरे व त्यांचे बोरकूट वापरात आहे. पाला शेळ्यांना चारा म्हणून, छाटलेल्या फांद्या कुंपणासाठी आणि कठीण लाकूड शेतीच्या अवजारांसाठी उपयोगी पडते. बोरीवर लाखेचे किडेही वाढवितात.