कर्नेल्याची पलटण

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या महामार्गावर बुटीबोरी, सेलडोह आणि केळझर ही गावे ओळीने लागतात, आणि त्यांपैकी केळझर हे स्थानिक परंपरेनुसार महाभारतातील एकचक्रा नगरी मानले जाते. तेथील टेकडीवरचा गणपती विदर्भातील अष्टविनायकांत गणला जात असल्याने भाविकांची वर्दळ बाराही महिने असते. बकासुराच्या वधाची कथाही याच गावाशी जोडलेली आहे. या रस्त्याच्या एका अंगाला, नागपूरपलीकडे, कामठीची लष्करी छावणी आहे, दुसऱ्या अंगाला सेवाग्रामचा आश्रम आहे, आणि त्याच वर्धा जिल्ह्यात पुलगाव येथे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडारही आहे. ख्रिस्ताचा अनुयायी म्हणवणाऱ्या माणसाने सैनिक होऊन युद्धाला जावे की नाही, हा प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षे चर्चिला गेला असला, तरी त्याच्या बहुतेक बाजू या शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात भेटतात, आणि या दृष्टीने हा पट्टा अभ्यासकांकडून काहीसा उपेक्षितच राहिला आहे.

प्रश्नाचे मूळ शोधू गेल्यास नव्या करारातील एका व्यक्तिरेखेपाशी थांबावे लागते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 10व्या अध्यायात कैसरिया येथील कर्नेल्य नावाच्या रोमन लष्करी अधिकाऱ्याची कथा आहे. शंभर शिपायांवरील नायकासाठी मराठी बायबलने ‘शताधिपती’ हा भारदस्त शब्द घडवला, आणि त्याच्या तुकडीला मात्र ‘पलटण’ म्हटले. त्यामुळे मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर रोमन सैनिक उभा राहण्याऐवजी कंपनी सरकारच्या कवायती फौजेतला सुभेदार उभा राहतो, आणि हे भाषांतर चुकलेले नसून नेमके साधलेले आहे असेच म्हणावे लागते. हा कर्नेल्य यहुदी नसूनही बाप्तिस्मा घेतो, म्हणजे पाण्याने होणाऱ्या संस्काराद्वारे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश करतो. पेत्र हा ख्रिस्ताचा प्रमुख शिष्य त्याच्या घरी जातो, उपदेश करतो, काही दिवस राहतोही. परंतु बाप्तिस्म्यानंतर कर्नेल्याने नोकरी सोडली की चालू ठेवली, याविषयी ग्रंथ एक अक्षर लिहीत नाही. लष्करी सेवेचे समर्थक आणि विरोधक हे दोन्ही पक्ष याच मौनावर उभे आहेत. समर्थक म्हणतात की नोकरी पाप असती तर पेत्राने तसे सांगितले असते, कारण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही शिपायांना जुलूम न करण्याचा आणि पगारात समाधान मानण्याचा उपदेश केला होता, राजीनाम्याचा नव्हे. तर विरोधक म्हणतात की पेत्राच्या हातची तलवार ख्रिस्ताने म्यानात घालायला लावली, तेव्हाच प्रत्येक सैनिकाचे हत्यार उतरले.

मराठी शब्दकळेतील आणखी एक गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे. दहा आज्ञांपैकी मनुष्यवधाविषयीची आज्ञा मराठी बायबलमध्ये ‘खून’ या शब्दाने दिलेली आहे. ‘हत्या’, ‘वध’ किंवा ‘हिंसा’ हे शब्द तेथे योजलेले नाहीत. मूळ हिब्रू धातू ‘रात्साख’ हा सामान्यतः अन्यायाने किंवा वैराने केलेल्या मनुष्यहत्येसाठी वापरला जातो आणि रणांगणावरील मारण्यासाठी त्या भाषेत वेगळी क्रियापदे येतात, म्हणून ‘खून’ ही निवड काटेकोर आहे. मात्र तिचा परिणाम असा होतो की मराठी ख्रिस्ती सैनिकाला ही आज्ञा ऐकताना फौजदारी कायदा आठवतो, तर ‘अहिंसा’ हा शब्द ज्याच्या कानावर लहानपणापासून पडला आहे अशा त्याच्याच शेजाऱ्याला तीच आज्ञा अपुरी वाटते.

मधल्या काळाचा इतिहास थोडक्यात असा. पहिल्या तीन शतकांत चर्चचे पुढारी सैन्यसेवेबद्दल साशंक होते, इ.स. 295 मध्ये मॅक्सिमिलियन या तरुणाने उत्तर आफ्रिकेत भरती नाकारून मृत्युदंड पत्करला. सम्राट कॉन्स्टंटाइननंतर राज्य आणि चर्च एकत्र आले. अँब्रोस व ऑगस्टीन यांनी न्याय्य युद्धाचा विचार मांडला, अ‍ॅक्वायनसने त्याला अधिकृत सत्ता, रास्त कारण आणि शुद्ध हेतू अशा तीन अटी घातल्या, आणि सतराव्या शतकात क्वेकर पंथाने सर्वच युद्धे नाकारली. यातील अँब्रोसचे एक सूत्र केळझरच्या संदर्भात विशेष लक्षवेधी ठरते: स्वतःच्या जिवासाठी ख्रिस्ती माणसाने हात उचलू नये, पण शेजाऱ्यावरचा अन्याय निवारणे मात्र त्याचे कर्तव्य आहे. आदिपर्वातील एकचक्रेच्या कथेत भीम बकासुराकडे जातो तो स्वतःसाठी नव्हे, तर ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडवांनी आसरा घेतला त्याच्या कुटुंबासाठी. आणि त्याला पाठवण्याच्या कुंतीच्या निर्णयावर युधिष्ठिर आक्षेप घेतो, तेव्हा ती त्याला उपकाराची फेड आणि दुर्बलाचे रक्षण ही दोन कारणे सांगते. मिलानचा बिशप असलेल्या अँब्रोसला ही कथा ठाऊक असण्याचे कारण नव्हते, परंतु त्याचा आणि कुंतीचा युक्तिवाद एकाच ठिकाणी येऊन पोहोचतो.

कामठीची छावणी 1821 मध्ये वसली आणि तेथे मद्रास लष्कराच्या पलटणी ठेवण्यात आल्या. विदर्भातील प्रोटेस्टंट मिशनकार्याचा आरंभ कोणा धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने झाला नसून या लष्करातील कॅप्टन हिल नावाच्या अधिकाऱ्याने दिलेल्या देणगीतून झाला, ही गोष्ट नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकलेल्यांनाही सहसा माहीत नसते. सैनिकाच्या पैशातून धर्मकार्य सुरू होणे हा कर्नेल्याच्या परंपरेचाच भाग आहे, कारण ग्रंथात त्याचे वर्णन दानधर्म करणारा असेच आहे. या देणगीच्या बळावर स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरास आले. ते धर्मोपदेशक होते तितकेच भूगर्भशास्त्रज्ञही होते. नागपूरच्या आसपासचे खडक व जीवाश्म आणि गोंड समाजाची भाषा यांवरील त्यांचे काम आजही आधाराला घेतले जाते, आणि 4 सप्टेंबर 1863 रोजी बुटीबोरीजवळच्या टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतत असताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. युद्धाच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध नाही. परंतु याच रस्त्याच्या कडेला घडलेली ही घटना वगळून पुढे जाणे अवघड आहे.

कामठीत आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचे केंद्र आहे. याच रेजिमेंटच्या 14व्या बटालियनमधील लान्स नाईक अल्बर्ट एक्का हे आजच्या झारखंडातील गुमला भागातले उराँव समाजाचे कॅथॉलिक होते. 3 डिसेंबर 1971 रोजी गंगासागरच्या लढाईत, पुढे सरकणाऱ्या आपल्या तुकडीवर आग ओकणारी मशीनगन त्यांनी संगिनीने बंद पाडली, जखमी अवस्थेत पुढे जाऊन एका इमारतीतील दुसरी मशीनगनही निकामी केली आणि तेथेच प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. जाहीर स्मरणात उरते ती त्यांची कृती, आणि ती कृती सोबत्यांना वाचवण्यासाठी होती एवढे तिच्या तपशिलावरून दिसते. अँब्रोसच्या कसोटीला ती उतरते. मॅक्सिमिलियनच्या कसोटीला उतरत नाही.

भारतात या प्रश्नाला न्यायालयीन रूप फारसे आले नाही, याचे कारण सैन्यभरती स्वेच्छेची आहे. ब्रिटनमध्ये 1916 च्या सक्तीच्या भरतीनंतर सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांना न्यायाधिकरणांपुढे उभे राहावे लागले आणि त्यामुळे त्यांचे युक्तिवाद कागदोपत्री टिकले. येथे ज्याला नको वाटते तो भरतीच्या रांगेत उभाच राहत नाही, त्यामुळे त्याचा नकार कोठेच नोंदला जात नाही. भरती झालेल्याला शपथ देवाच्या नावाने घेता येते किंवा केवळ प्रतिज्ञेवर, आणि सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्याबरोबर पाद्रीही ‘धर्मगुरू’ म्हणून नेमले जातात. अलीकडे वाद झाला तो मारण्याबद्दल नव्हे, तर पूजेबद्दल: रेजिमेंटच्या धार्मिक परेडच्या वेळी गाभाऱ्यात जाण्यास नकार दिल्यावरून बडतर्फ झालेल्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 25 नोव्हेंबर 2025 रोजी फेटाळली. हा नकार युद्धापेक्षा मूर्तीपुढच्या विधीला होता. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील टर्टुलियन या लेखकाची सैन्यसेवेविषयीची मोठी हरकतही रक्तपाताइतकीच छावणीतील मूर्तिपूजेला होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा वाद वाटतो तितका नवा नाही.

या सर्व पट्ट्यातील सर्वांत विचारप्रवर्तक व्यक्ती सैनिक नव्हती. जोसेफ चेल्लादुराई यांचा जन्म 4 जानेवारी 1892 रोजी तंजावर येथे तमिळ ख्रिस्ती घरात झाला आणि त्यांचे कुलनाम कॉर्नेलियस, म्हणजे मराठी बायबलातील कर्नेल्यच, होते. लंडनला हिशेबशास्त्र आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून परतल्यावर त्यांनी ते नाव टाकून घराण्याचे जुने नाव घेतले आणि ते जे. सी. कुमारप्पा झाले. 9 मे 1929 रोजी साबरमतीला गांधीजींची भेट झाली, पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाची धुरा त्यांच्याकडे आली, आणि 1942 च्या आंदोलनानंतर जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी दोन पुस्तके लिहिली: एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर आणि दुसरे येशूच्या आचरण व उपदेशावर. दोन्ही 1945 मध्ये गांधीजींच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. येशूला मानणारे चर्च सत्याग्रहाकडे संशयाने पाहते आणि साम्राज्याच्या लढायांना मात्र आशीर्वाद देते, ही विसंगती त्यांनी पुन्हापुन्हा दाखवून दिली, आणि त्यात त्यांनी बिशपांचीही भीड ठेवली नाही.

तथापि त्यांचे वेगळेपण चर्चवरील टीकेत नाही; ते प्रश्नाची जागा बदलण्यात आहे. दूरच्या प्रदेशातून कच्चा माल आणणारे केंद्रित उत्पादन टिकवायचे तर समुद्रमार्ग ताब्यात हवेत, त्यासाठी आरमार हवे, आणि आरमारासाठी युद्धाची तयारी हवी, अशी साखळी त्यांनी मांडली. कोकोच्या डब्याचे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे: पश्चिम आफ्रिकेतील मजुराच्या पिळवणुकीतून आणि लष्करी बळाने राखलेल्या मार्गांवरून आलेला कोको जो विकत घेतो, तो त्या सर्व व्यवहाराचा भागीदार ठरतो. या हिशेबाने शताधिपतीने नोकरी सोडली की नाही हा प्रश्न एकट्या शताधिपतीचा उरत नाही, तर त्याच्या पगारावर आणि त्याने राखलेल्या बाजारावर जगणाऱ्या कैसरियातील प्रत्येक घराचा होतो. आणि न्याय्य युद्धाच्या सिद्धान्ताने ज्याची विचारपूसच केली नाही तो सैनिक नसलेला गृहस्थ प्रथमच चौकशीच्या कक्षेत येतो. हा विचार सैनिकाला दोषमुक्त करत नाही, पण त्याला एकटा आरोपीही ठरू देत नाही, आणि म्हणूनच तो शांततावादी वाङ्मयात दुर्मीळ आहे.

डिसेंबर 1949 मध्ये जागतिक शांततावादी परिषद शांतिनिकेतनानंतर सेवाग्रामात भरली. पहिल्या महायुद्धात परिचारिका राहिलेल्या आणि त्यात भाऊ व वाग्दत्त वर गमावलेल्या लेखिका व्हेरा ब्रिटन तिला आल्या होत्या, आणि लष्करी सेवा नाकारून तुरुंगात गेलेले ब्रिटिश ख्रिस्ती विल्फ्रेड वेलॉकही. त्यानंतर थोड्याच काळाने कुमारप्पांनी मगनवाडी सोडून सेलडोह येथे ‘पण्णै आश्रम’ सुरू केला. ‘पण्णै’ म्हणजे तमिळमध्ये शेत. केळझरच्या अलीकडचे हे गाव त्यांनी निवडले ते ग्रामीण शेतीचे प्रयोग करण्यासाठी. प्रकृती साथ देईना तेव्हा ते तमिळनाडूत टी. कल्लुपट्टी येथे राहायला गेले, आणि 30 जानेवारी 1960 रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे निधन झाले.