आधी नळ, मग लस

उपजिल्हा रुग्णालयातल्या या खोलीत शिरताच नाकाला औषधांचा नाही, कपडे धुण्याच्या वडीचा वास भिडतो. सोमवारी इथे गर्दी जास्त. रविवारी कुत्रं चावलेले लोक ‘उद्या बघू’ म्हणत रात्र काढतात आणि सकाळी येऊन उभे राहतात.

स्टुलावर नऊ-दहा वर्षांचा मुलगा. पोटरीवर दातांच्या चार खुणा, त्यावर आजीने दाबून बसवलेली मिरचीपूड आणि चुना. सिस्टरने त्याचा पाय मोरीत घेतला, नळ सोडला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“पंधरा मिनिटं, आजी.”

“आधी इंजेक्शन द्या की, बाई.”

“इंजेक्शन कुठं जात नाही. पाय हलवू नको रे बाळा.”

१५ मिनिटं हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा. तो इतका साधा आहे की कुणाला खरा वाटत नाही. पण रेबीजचा विषाणू म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा एक कण. त्याभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण, आणि त्यात रोवलेले एकाच प्रथिनाचे खुंट. पेशीला धरायला त्याच्याकडे हे खुंटच काय ते आहेत. साबणाने तुपकट ताट सुटावं तसं ते आवरण सुटतं आणि खुंटही निकामी होतात. मिरचीने यातलं काहीच होत नाही. जखम तेवढी चिडते, आणि मूल धुवायला हात लावू देत नाही.

जो विषाणू धुऊन निघत नाही, त्याचा रोख मज्जातंतूंकडे असतो. मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात, तिथे ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन पकडणारी प्रथिनं असतात. रेबीज त्यांनाच चिकटतो, हे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८२ मध्ये दाखवलं. पुरावा मोठा मजेदार होता. मण्यार जातीच्या सापाच्या विषातला एक घटक नेमका याच जागी बसतो. तो आधी बसवला, तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायूपेशींपैकी कमी पेशींना रेबीजची लागण झाली. विषाने विषाणूची जागा अडवली! औषध म्हणून अर्थातच ते निरुपयोगी, कारण ती जागा अडली की स्नायूच लुळे पडतात.

चिकटलेल्या विषाणूला पेशी स्वतःच एका पिशवीत आत ओढून घेते. पिशवीतली आम्लता वाढली की खुंट आपला आकार बदलतात, विषाणूचं आवरण पिशवीच्या भिंतीत मिसळतं आणि आतला जनुकीय ऐवज पेशीत उतरतो. मज्जातंतूत कायम चालू असलेली वाहतूक त्याला मणक्याकडे आणि मेंदूकडे नेते. लक्षणं दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, आणि ती दिसल्यावर रोगी वाचणं जवळजवळ अशक्य. जे करायचं ते त्याआधी.

पंधरा मिनिटं झाली. मुलाचं वजन २२ किलो. घोड्याच्या रक्तापासून केलेलं सिरम किलोमागे ४० युनिट, म्हणजे ८८० युनिट. हे दंडात टोचून भागत नाही. सुई जखमेच्या कडेतून आत जाते, कडा फुगून पांढुरकी होते. मग दुसरी खूण, मग तिसरी. मुलगा आजीच्या पदराचा बोळा तोंडात धरून ओरडतो. बघणाऱ्याला हे क्रूर वाटतं. पण लसीमुळे शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. तोवर खुंटांना झाकून टाकणारी तयार प्रतिपिंडं जखमेतच हवीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं ‘रॅबीशील्ड’ही याच कामाचं; फक्त त्यासाठी घोडा लागत नाही, एकाच जातीचं प्रतिपिंड पेशींकडून बनवून घेतात.

लस मात्र पटकन उरकते. दोन्ही दंडांच्या कातडीत थेंबभर, आणि कार्डावर पुढच्या तारखा: तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा दिवस.

“पोटात नाही देत?” आजी विचारतात.

त्यांच्या पिढीच्या मनात पोटातली चौदा इंजेक्शनं अजून घर करून आहेत. कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये बनवलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून तयार व्हायची. भारतात ती या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. त्या धास्तीने रेबीज म्हणजे इंजेक्शन असं समीकरण करून टाकलं, आणि नळाला कुणी विचारेनासं झालं. दवाखान्यातही फलकावर लसीच्या तारखा ठळक असतात, धुण्याची ओळ खाली बारीक अक्षरात. वडी संपली की सिस्टर स्वतःच्या पैशाने नवी आणते.

पुढचा माणूस बोटावर टाके घेऊनच आलाय. परवा एका खासगी दवाखान्यात जखम शिवली, लसही तिथेच टोचली. सिस्टरच्या कपाळाला आठी पडते. अशी जखम शक्यतो शिवायची नसते. टाक्याची सुई विषाणूला आणखी खोल नेऊ शकते. शिवायचीच झाली तर आधी सिरम भरायचं.

“शिवायच्या आधी धुतलं होतं?”

“पाणी मारलं की.”

“किती वेळ?”

तो खांदे उडवतो.

“आणि सिरम?”

“ते काय असतं?”

पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत सिरम देता येतं, त्यामुळे अजून वेळ आहे. त्याचा केसपेपर घेऊन सिस्टर डॉक्टरांकडे जाते.