कृतीविना यंत्रविद्या

काठावर बसून पोहण्याचें शास्त्र पाठ करणारा पहिल्याच डोहांत गटांगळ्या खातो. आमच्या पुष्कळ अभियांत्रिकी पदवीधरांची गत अशीच आहे. दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हे, परीक्षेचा आहे. जी केवळ लिहिलेलें उत्तर तपासते, तिच्यासाठीं हात कोण मळवील?

याच विद्यार्थ्यांस खरें काम दिलें तर काय होतें? १८५४ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, वर्गामागून वर्ग पालटले तरी काम न सोडतां, विद्यार्थ्यांनीं सुमारें एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह सिद्ध केला. २२ जून २०१६ रोजीं इस्रोच्या अग्निबाणानें तो अवकाशांत नेला. पाबळच्या विज्ञान आश्रमांत तर १९८३ पासून शाळा सुटलेलीं मुलेंही वेल्डिंग, सुतारकाम व शेती करीत विज्ञान शिकत आलीं आहेत.

मग अडतें कोठें? यंत्र बिघडेल, माल वाया जाईल, या भीतींत! परंतु एक फसलेला सांधा जें शिकवितो, तें दहा व्याख्यानें शिकवीत नाहींत. म्हणून निम्मे गुण प्रत्यक्ष कामास असावेत, ही आमची मागणी आहे. व्यापारी व कारखानदारांनींही बंद पडणारा पंप, वाया जाणारी वाफ अशा आपल्या अडचणी महाविद्यालयांच्या दारीं न्याव्या. सरकारकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपला हात पुढें करणें हें आपलें कर्तव्य नव्हे काय?